रेल्स ७ (रूबीचं वेब फ्रेमवर्क) वर गेल्यापासून बूटस्नॅप (ॲप लवकर सुरू व्हावा म्हणून कॅश ठेवणारं) आणि झाइटवर्क (क्लासच्या फाइली आपोआप लोड करणारा) यांचं जमेना

जुना ॲप ५ वरून ७ वर आणला, आता सुरू होतानाच अनइनिशियलाइज्ड कॉन्स्टंट (क्लास सापडला नाही अशी एरर) येतोय, शिवाय बूटस्नॅपच्या ऑटोलोड_पाथ्स_कॅश ऑप्शनची डेप्रिकेशन वॉर्निंग (हा ऑप्शन पुढे बंद होणार अशी सूचना), कॅशच गंडलाय का?

> ऑटोलोड_पाथ्स_कॅशची ओळ काढून टाक, तो ऑप्शन जुन्या क्लासिक ऑटोलोडरसाठी होता, झाइटवर्कला त्याचा काडीचा उपयोग नाही. बूटस्नॅप पण अपडेट कर, मग टीएमपी/कॅश/बूटस्नॅप फोल्डर उडव, बिनधास्त उडव, परत बनतो.

> एरर मात्र कॅशमुळे वाटत नाही. झाइटवर्क:चेक (फाइलची नावं क्लासच्या नावांशी जुळतात का ते तपासणारी कमांड) चालव आधी. माझ्याकडे फाइलचं नाव एचटीएमएल_पार्सर आणि क्लासमध्ये एचटीएमएल सगळं कॅपिटल, झाइटवर्क शोधत होता फक्त पहिलं अक्षर कॅपिटल असलेला. इन्फ्लेक्शन्समध्ये (फाइलच्या नावावरून क्लासचं नाव कसं बनवायचं ते सांगणारी सेटिंग) एचटीएमएल हा ॲक्रोनिम टाकला नि सुटलं.

> > अगदी हेच निघालं राव! दोन दिवस उगाच कॅश पुसत बसलो