मदत हवी आहे : आईच्या तळपायांची रात्रीची आग

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. आई ६८ वर्षांची, १५ वर्षांपासून मधुमेह. दिवसा निभावतं, पण रात्री तळपाय नुसते पेटतात. चादरही सोसत नाही, मग उठून गॅलरीतल्या गार फरशीवर पाय टेकून बसते. डॉक्टर न्यूरोपथी म्हणाले, म्हणजे मधुमेहाने नसांना झालेली इजा. त्यावर प्रीगॅबॅलिन हे नसांच्या दुखण्याचं औषध चालू आहे, पण सकाळी गुंगीने तोल जातो. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे बी१२ जीवनसत्त्व कमी होऊन नसांना त्रास होऊ शकतो, ते तपासायचं राहिलंच (चूक माझीच). शेजारच्या काकू गरम पाण्याचा शेक सांगतात. अहो, परवा चप्पल पायातून निसटली तेही तिला कळलं नाही, चटका काय कळणार!

स्टेशनजवळ चांगले न्यूरॉलॉजिस्ट, शक्यतो लिफ्ट असलेला दवाखाना, कुणाला माहीत आहे का? आणि गुंगीचं तुम्ही काय केलंत?