गोलकीपर भाच्यासाठी मार्गदर्शन हवंय

नमस्कार मंडळी, माझा भाचा कोल्हापुरात दहावीला आहे, शाळेच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. यातच करिअर करायचं म्हणतो आणि आमचा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. अडचण अशी की कोच एकच, आणि त्यांचं लक्ष बाकीच्या दहा जणांकडे. कडक मातीवर डाइव्ह मारली की याचं कोपर आधी आपटतं, मग खांदा. कोपराची खपली सुकतच नाही! नीट पडायचं कसं, हे कुणीतरी समोर उभं राहून शिकवायला हवं. शिवाय १९९२पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला बॅकपास हातात घेता येत नाही, म्हणजे पायही तयार हवेत.

घरच्यांना त्याला अकॅडमीत पाठवायची घाई झालीय, मला तशी वाटत नाही. इटलीचा गोलकीपर दिनो झॉफ याने ४०व्या वर्षी, १९८२ला, कॅप्टन म्हणून वर्ल्ड कप जिंकला. आपल्या जवळचं बघायचं तर गोव्याचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर, भारताचे माजी कर्णधार, २०२२चे पद्मश्री.

पुणे, मुंबई किंवा गोव्यात गोलकीपरसाठी वेगळा कोच असलेली निवासी अकॅडमी कुणाला माहीत आहे का? ट्रायलमध्ये उंचीवरून लगेच बाद करतात का? आणि दहावीनंतर पाठवावं की आत्ताच? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.