एनएसएसच्या पोरांना पुराचं ट्रेनिंग द्यायचंय, भाषणं सोडून काय करता येईल?

रंकाळाकाठ: नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एका कॉलेजात शिकवते, यंदा एनएसएस माझ्या गळ्यात पडलंय. मागच्या कार्यशाळेत दीपप्रज्वलन, दीड तास पीपीटी, शेवटी ते आग विझवायचं लाल सिलिंडर एकदा फुस्स करून दाखवलं, फोटो, वडापाव, संपलं. आता आमची निम्मी पोरं बाहेरगावची, रूम करून राहणारी, 2019 ला शाळेत होती, पंचगंगा कुठवर येते हे त्यांनी बघितलेलंच नाही. 60 पोरं आहेत, दोन दिवस आहेत. काय करू?

पेठेतला: मॅडम, फुटांपासून सुरू करा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, 2019 आणि 2021 ला दोन्ही वेळा 55 च्या वर गेलं होतं. पावसाळ्यात आख्खं गाव "किती फूट?" एवढंच विचारतं आणि या पोरांना तो आकडा म्हणजे काय तेच कळत नाही. पीपीटी नको, त्यांना सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशी चालत फिरवा आणि होमवर्क द्या, आपल्या रूममध्ये किती फुटाला पाणी येतं ते शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं. घरमालकाला नको, तो खरं सांगणार नाही 😄

दोरखंड: मी कॉलेजात असताना 'आव्हान' हा आपत्तीच्या ट्रेनिंगचा कॅम्प केलाय, एनडीआरएफचे लोक शिकवायला असतात. तिथं डोक्यात पक्कं बसलं ते हे की बुडणाऱ्यासाठी पाण्यात उडी टाकायची नाही, काठावरूनच काठी, दोरी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन द्यायचा. ग्राउंडवर करून घ्या, एकाला लांब बसवा आणि दोरी फेकायला सांगा, पहिल्यांदा कुणाचीच पोचत नाही, माझी तर मागच्याच्या तोंडावर बसली होती. आणि सांगलीकडच्या ब्राह्मनाळ गावचं सांगाच, 2019 ला पुरातून बाहेर काढतानाच बोट उलटली, माणसं जास्त झाली होती. बोट आली की पळत सुटायचं नाही, लाइफ जॅकेट नसेल तर चढायचं नाही.

लातूरकर: पुराच्या नादात भूकंप विसरू नका, कोयना तुमच्यापासून काय लांब नाही. किल्लारीचा 1993 ला पहाटे चारच्या आत झाला, आदल्या दिवशी विसर्जन करून लोक गाढ झोपलेले. त्यामुळं ड्रिल भर दुपारी बेल वाजवून ग्राउंडवर पळायचं असलं नको, हलत असताना जिन्याकडं धावायचं नाही, टेबलाखाली डोकं झाकून बसायचं, हे एकदा रात्री हॉस्टेलवर लाइट घालवून करा.

रंकाळाकाठ: होमवर्क लगेच देऊन बघितला. एका मुलीच्या घरमालकांनी "आपल्याकडं कधीच नाही येत पाणी" म्हणून छातीठोक सांगितलं, आणि तिनं लाइटच्या मीटरचा फोटो पाठवलाय, तो तिच्या डोक्याच्याही वर बसवलाय, खाली भिंतीवर जुन्या मीटरची भोकं तशीच 🙂 दोरी आजच आणायला सांगितलीय. किती मीटर पुरेल?

दोरखंड: 15 मीटर घ्या मॅडम. आणि नायलॉनची नुसती नको, हातातून सटकते, टोकाला कॅन बांधा.