स्विफ्ट डिझेलचं ऑइल आणि फिल्टर घरी बदलायचंय, काय सांभाळावं?

हडपसरकर:
नमस्कार मंडळी. माझी २०१५ ची स्विफ्ट डीडीआयएस आहे, १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन. वॉरंटी केव्हाच संपली, म्हणून यंदा ऑइल-फिल्टर घरीच बदलायचा विचार आहे. सोसायटीचं पार्किंग सपाट आहे, जॅक आणि गोटी पान्यांचा सेट आहे. मागच्या सर्व्हिसनंतर थोड्याच दिवसांत ऑइल काळंभोर झालं. गॅरेजवाल्याने बदललंच नाही की काय? आणि स्वतः करताना गडबड नेमकी कुठे होते?

मिरजेचा डिझेलवाला:
दादा, आधी तो संशय काढून टाका. डिझेल इंजिनात काजळी होतेच, आणि ती चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, तळाशी बसू न देता स्वतःत धरून ठेवणं हेच चांगल्या ऑइलचं काम. शिवाय थोडं जुनं ऑइल आत राहतंच. रंग बघू नका. किलोमीटर आणि महिने बघा.

आता काम. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका, हे हात जोडून सांगतो. दोन दणकट घोड्या (गाडी उचलल्यावर खाली लावायचे लोखंडी स्टँड) घ्या, मागच्या चाकांना ओंडके लावा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा आणि आत शिरण्याआधी गाडी जोर लावून हलवून बघा. घोड्या नसतील तर सरळ गॅरेजला द्या.

इंजिन कोमट असू द्या, कडकडीत नको. चेंबरचा नट शेवटच्या आट्यांपर्यंत आला की बोटांनी आत दाबून धरत फिरवा आणि एकदम बाजूला घ्या. धार सुरुवातीला तिरकी पडते, तेव्हा ट्रे थोडा पुढे सरकवून ठेवा. नटाचा वायसर दरवेळी नवा.

खरी गडबड होते ती फिल्टरला. या इंजिनाला पत्र्याचा डबा-फिल्टर नसतो. काळ्या प्लास्टिकच्या टोपणात कागदी फिल्टर बसतो. टोपणाची जुनी ओ-रिंग (रबरी कडी) कोणत्या खाचेत होती ते काढण्याआधी फोटो काढून ठेवा. नवी त्याच खाचेत बसवा आणि नव्या ऑइलचं बोट फिरवा. कोरडी रिंग पिळवटते आणि मग ऑइल झिरपत राहतं. जुना फिल्टर लगेच टाकू नका. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा. काळा चिकटा असला तर चालतं, पण धातूचा चुरा चमकला तर मेकॅनिकला दाखवा. टोपण आणि नट, दोन्ही टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंतच आवळा. चेंबरचे आटे गेले तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं घ्या. सगळं एकदम ओतू नका. थोडं कमी भरा, इंजिन चालू करा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत रेस अजिबात देऊ नका; टर्बोच्या बेअरिंगला ऑइल पोचायला वेळ लागतो. बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघा आणि उरलेलं थोडं थोडं टाका. वरच्या खुणेच्या वर नकोच. डिझेलला जादा ऑइल धोक्याचं असतं, ते ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, गेलं तर इंजिन तेच जाळत पळतं, चावी काढली तरी थांबत नाही.

वर्धेकर:
एक भर. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलवाल्यांनी हे ऑइल पाहून आपल्या गाडीत टाकू नये. त्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो आणि कमी राखेचं ऑइल लागतं. राख एकदा डीपीएफमध्ये अडकली की काजळीसारखी जळून जात नाही. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय समजा आणि दाखवून घ्या.

हडपसरकर:
फारच उपयोगी, काका. घोड्या आणि टॉर्क पाना आणतो, मगच हात लावतो. जळकं ऑइल कुठे द्यायचं? वॉचमन म्हणतो, फाटकाला आणि लाकडांना वाळवीसाठी फासू.

मिरजेचा डिझेलवाला:
त्यांना नाही म्हणा. त्यात काजळीबरोबर झिजलेल्या धातूंचे कण असतात, पावसात ते धुऊन मातीत आणि विहिरीत उतरतात. २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. नव्या ऑइलच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरा, त्यात पाणी किंवा कूलंट मिसळू देऊ नका, आणि जिथून अधिकृत रिसायकलरची गाडी ऑइल उचलते अशा गॅरेजात नेऊन द्या. आधी फोनवर विचारा, बहुतेक जण घेतात. जुना फिल्टर रात्रभर ट्रेवर निथळत ठेवा आणि तोही पिशवीत घालून त्यांच्याकडेच द्या.