नव्या गाडीच्या किमतीची बोलणी: सगळे आकडे एकत्र गुंतवले जातात तेव्हा काय करावे?

शांतवाट

नमस्कार.

येत्या दोन महिन्यांत आम्हाला नवी गाडी घ्यायची आहे. मॉडेल ठरले आहे, टेस्ट ड्राइव्ह झाली आहे आणि घरात त्याविषयी मतभेद उरलेला नाही. अडचण आहे ती केवळ किमतीच्या बोलण्यांची. मी आतापर्यंत दोन शोरूममध्ये जाऊन आलो आणि दोन्ही ठिकाणी गाडीची किंमत विचारल्यावर मलाच उलट विचारण्यात आले, "महिन्याला किती हप्ता झेपेल?" मी एक आकडा सांगितला आणि त्यानंतरचे सगळे बोलणे त्या आकड्याभोवतीच फिरत राहिले. जुन्या गाडीची किंमत, विमा, अ‍ॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, कर्ज हे सारे एकाच कागदावर मांडले गेले, मध्येच एक रक्कम कमी झाली, दुसरी वाढली आणि शेवटी हप्ता मी सांगितला होता तेवढाच आला. घरी येऊन तो कागद पुन्हा वाचला, तेव्हा मूळ गाडीची किंमत नेमकी किती उतरली हे मला सांगता येईना.

आपली कमाल मर्यादा विक्रेत्याला सांगावी की नाही, जुनी गाडी त्यालाच द्यावी की वेगळी विकावी आणि "ही सूट आजच्या दिवसापुरतीच आहे" हे वाक्य कितपत खरे मानावे, या तीन गोष्टींवर अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. भाव करणे माझ्या स्वभावात नाही. समोरचा माणूस तासभर आपल्यासाठी देतो, सौजन्याने बोलतो आणि मग त्याला नकार देताना मला संकोच वाटतो, हेही सांगून ठेवतो.

काउंटरपलीकडे

मी काही वर्षे गाड्यांच्या विक्रीत काम केले आहे, त्यामुळे तुम्ही वर्णन केलेला कागद मी स्वतः अनेकदा भरला आहे. त्या कागदात खोटे काही नसते, पण गाडीची किंमत, जुन्या गाडीची किंमत, सुरुवातीला भरायची रक्कम आणि हप्ता हे चार आकडे एकाच वेळी हलते ठेवले की ग्राहकाचे लक्ष ज्या आकड्यावर असते तो त्याच्या मनासारखा करता येतो आणि त्याची भरपाई उरलेल्या तिघांतून करून घेता येते. तुम्ही हप्त्याकडे पाहत होतात, म्हणून हप्ता जुळला. जुन्या गाडीच्या किमतीचा आग्रह धरणाऱ्याला ती किंमत चांगली मिळते आणि नव्या गाडीवरची सूट त्याच प्रमाणात आटते.

म्हणून बोलणी एका वेळी एकाच गोष्टीची करा. आधी फक्त नव्या गाडीची, तीही सर्व कर, नोंदणी आणि शुल्क धरून गाडी दारात उभी राहीपर्यंतची एकच रक्कम. तोवर जुन्या गाडीचा किंवा कर्जाचा विषय निघाला, तर "ते अजून ठरलेले नाही, आधी किंमत पाहू" एवढेच सांगावे. हे उत्तर उद्धट नाही आणि विक्रेत्याला ते ऐकण्याची सवय असते.

सूट कुठून येते हे समजून घेतले की मागण्याचा संकोचही कमी होतो. गाडीवर विक्रेत्याचा जो नफा असतो तो बाहेरच्यांना वाटतो तितका मोठा नसतो, पण त्याच्या उत्पन्नाचा तो एकच झरा नाही. ठरावीक मुदतीत ठरावीक संख्या विकली तर उत्पादक कंपनी वेगळी रक्कम देते, विमा आणि कर्ज मिळवून दिल्याबद्दल मोबदला मिळतो, अ‍ॅक्सेसरीजवरचा नफा तर गाडीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात असतो आणि पुढची सर्व्हिसिंगही त्याच्याकडेच येण्याची शक्यता असते. शिवाय आवारात उभी असलेली गाडी बहुधा विक्रेत्याने कर्ज काढूनच आणलेली असते आणि ती जितके दिवस उभी राहील तितके व्याज त्याला भरावे लागते. महिन्याच्या किंवा तिमाहीच्या शेवटी उद्दिष्टाला दोन-चार गाड्या कमी पडत असतील, तर एका गाडीवरचा नफा जवळजवळ सोडून देणेही त्याला परवडते. उद्दिष्ट आधीच पूर्ण झाले असेल, तर मात्र शेवटच्या दिवशी जाऊनही काही हाती लागत नाही. हा भाग ग्राहकाला बाहेरून दिसत नाही, म्हणून एकाच दुकानावर विसंबू नये.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी. उत्पादक कंपनीने जाहीर केलेल्या योजनेला खरोखर अंतिम तारीख असते आणि ती लेखी पत्रकात दिसते. विक्रेता स्वतःच्या खिशातून जी सूट देतो तिला अशी तारीख क्वचितच असते. फरक ओळखायचा असेल तर "योजनेचे पत्रक दाखवता का?" असे विचारावे.

कमाल मर्यादा सांगू नका. ती सांगितली की बोलणी त्या आकड्यापासून खाली सरकत नाहीत.

हिशेबवही

वरचा प्रतिसाद नेमका आहे. मी फक्त कर्जाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण किमतीत मोठ्या कष्टाने मिळवलेली सूट तिथे कशी नाहीशी होते हे हिशेब मांडल्याशिवाय जाणवत नाही.

समजा, वार्षिक १० टक्के दराने, घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच व्याज लागेल असे, कर्ज घेतले. मुदत ६० महिने असेल, तर दर शंभराच्या मुद्दलामागे हप्ता सुमारे २.१२ येतो आणि एकूण व्याज साधारण २७.५० भरावे लागते. तीच मुदत ८४ महिने केली की हप्ता १.६६ वर उतरतो, म्हणजे जवळपास २२ टक्क्यांनी हलका होतो आणि ऐकायला फार बरे वाटते. पण एकूण व्याज ३९.४५ होते. शंभरामागे बाराची ही वाढ गाडीवर सहज मिळणाऱ्या सूटीपेक्षा बहुधा मोठी असते आणि ती देताना कोणी "किंमत वाढवली" असे म्हणतही नाही.

दुसरी गोष्ट व्याजदराची. "फक्त ७ टक्के" असे सांगितले गेले, तर तो दर घटत्या शिलकीवर आहे की फ्लॅट, हे पहिल्यांदा विचारावे. फ्लॅट दरात मुद्दलाची परतफेड होत असतानाही संपूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज आकारले जाते. पाच वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीच्या हिशेबाने साधारण साडेबारा टक्के होतात. दोन ठिकाणचे कर्ज तोलायचे असेल, तर दर बाजूला ठेवून हप्ता गुणिले महिने, अधिक सर्व शुल्के, असा एकच आकडा काढावा. शोरूमला जाण्यापूर्वी आपल्या बँकेकडून मंजुरी घेऊन ठेवली, तर हप्त्याचा प्रश्न तुम्हाला कोणी विचारला तरी त्याचे उत्तर देण्याची गरज उरत नाही. शोरूमने त्याहून स्वस्त कर्ज दिले तर ते खुशाल घ्यावे, मात्र त्यासाठी गाडीवरची सूट कमी केलेली नाही ना, हे पाहूनच.

निळी शाई

शांतवाट, संकोचाबद्दल तुम्ही लिहिलेत ते मला फार जवळचे वाटले, म्हणून लिहिते आहे.

गेल्या वेळी मी एकटी गाडीची चौकशी करायला गेले, तेव्हा मला एक किंमत सांगितली गेली आणि चार दिवसांनी त्याच गाडीसाठी माझा भाऊ गेला, तेव्हा त्याला पहिलीच किंमत कमी सांगितली गेली. तो माझा गैरसमज असेल असे मी काही काळ मानले. नंतर इयन एअर्स या अभ्यासकाचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन वाचनात आले. शिकागो परिसरातील शोरूममध्ये त्यांनी एकच ठरवून दिलेली पद्धत शिकवलेले वेगवेगळे ग्राहक पाठवले आणि तोच संवाद, तीच गाडी असूनही गोऱ्या पुरुषांपेक्षा स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना चढ्या किमती सांगितल्या गेल्याचे आढळले. तेव्हापासून मी भाव सांगण्या-ऐकण्याचे काम समोरासमोर करणेच सोडून दिले.

माझी पद्धत अशी. मॉडेल, प्रकार, रंग आणि हव्या असलेल्या गोष्टी यांची तंतोतंत नोंद करून मी ती पाच विक्रेत्यांना एकाच दिवशी ईमेलने पाठवते आणि प्रत्येक रक्कम वेगळी दाखवलेले लेखी कोटेशन मागते. फोन आला तर नम्रपणे "कृपया लिहूनच कळवा" असे सांगते. सर्वांची उत्तरे आली की सर्वांत कमी आकडा उरलेल्यांना कळवून, त्यांना त्याहून चांगले काही देता येईल का, असे एकदाच विचारते. लिहिताना जीभ अडखळत नाही, समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून घाईने होकार जात नाही आणि कोणता आकडा कधी बदलला याची नोंद आपोआप राहते. पाचपैकी दोघे उत्तरच देत नाहीत, त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

आणखी एक. पहिला आकडा कोणी उच्चारावा यावर बरेच बोलले जाते. आमोस ट्वेर्स्की आणि डॅनिएल कानेमन यांनी १९७४ मध्ये एक प्रयोग मांडला होता. लोकांसमोर आकड्यांचे एक चाक फिरवले जाई आणि मग संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के आहे असे विचारले जाई. चाक १० वर थांबलेल्या गटाचा मध्य अंदाज २५ होता आणि ६५ वर थांबलेल्या गटाचा ४५. चाकाचा त्या प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता, तरी मन त्या आकड्याला चिकटून राहिले. शोरूममधल्या पाटीवरची छापील किंमत आपल्यावर तेच करते. आपण सूट मोजतो ती त्या पाटीपासून, वास्तविक मोजायला हवी ती दुसऱ्या विक्रेत्याच्या लेखी आकड्यापासून.

तिसरा गिअर

इथे मी थोडा वेगळा सूर लावतो. सर्वांत कमी किंमत म्हणजेच सर्वांत चांगला सौदा, असे मानून मी एकदा फसलो आहे.

मला इतरांपेक्षा बरीच मोठी सूट मिळाली आणि मी ती माझ्या घासाघिशीचे फळ मानले. गाडी घरी आल्यावर कागद नीट पाहिले, तेव्हा ती तयार होऊन दहा महिने उघड्या आवारात उभी होती असे लक्षात आले. बॅटरी वर्षभरात गेली. पुढे गाडी विकायला काढली, तेव्हा घेणाऱ्याने नोंदणीची तारीख न पाहता निर्मितीचे वर्ष पाहिले आणि एक वर्ष जुनी धरूनच किंमत केली. म्हणजे जी सूट मला मिळाली होती ती खरे तर गाडीच्या वयाची होती आणि ती मला कोणी न सांगता दिली गेली. जुना साठा घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. गाडी दहा वर्षे वापरणार असाल तर त्यात फायदाही आहे, पण तो व्यवहार उघड्या डोळ्यांनी व्हावा.

त्यासाठी कोटेशनवर निर्मितीचा महिना आणि वर्ष लिहून घ्या आणि पैसे पूर्ण भरण्यापूर्वी ठरलेली गाडी प्रत्यक्ष पाहून चासी क्रमांक जुळवा. टायरच्या बाजूवर लंबवर्तुळात चार अंक असतात. पहिले दोन आठवडा दाखवतात आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३५२४ असेल तर टायर २०२४ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. टायर गाडीच्या थोडे आधीचे असणारच, पण गाडी "गेल्याच महिन्यातली" असे सांगितले जात असताना टायर वर्षभरापूर्वीचे दिसले, तर प्रश्न विचारायला हवा.

शांतवाट

आपणा सर्वांचे मनापासून आभार. हिशेबवही यांच्या पद्धतीने मी त्या जुन्या कागदाचा हिशेब पुन्हा मांडला. हप्ता जुळावा म्हणून मुदत पाच वर्षांवरून सात वर्षे केली होती, हे त्या दिवशी मला दिसलेच नव्हते. आता बँकेत मंजुरीसाठी अर्ज केला आहे आणि निळी शाई यांच्याप्रमाणे चार ठिकाणी पत्रे पाठवली आहेत.

दोन शंका उरल्या आहेत. जुन्या गाडीचा विषय नेमका कधी काढावा? आणि बुकिंगची रक्कम देताना काय सांभाळावे?

काउंटरपलीकडे

नव्या गाडीची रक्कम लेखी हातात आली की मगच जुनी गाडी काढा आणि त्याआधी ती वापरलेल्या गाड्या घेणाऱ्या किमान दोघांना दाखवून त्यांचे आकडे घेऊन ठेवा. शोरूमचा आकडा थोडा कमी आला, तरी कागदपत्रांची धावपळ आणि मालकी बदलण्याची जबाबदारी ते घेत असतील, तर तो फरक सोडून देणे मला गैर वाटत नाही. फरक मोठा असेल, तर गाडी बाहेर विका. मात्र नवी गाडी हाती येईपर्यंत ती विकून मोकळे होऊ नका. डिलिव्हरी लांबली की तुमची घाई वाढते आणि ती समोरच्याला दिसते.

बुकिंगची रक्कम शक्य तितकी लहान द्या. पावतीवर मॉडेल, प्रकार, रंग, निर्मितीचा महिना, ठरलेली एकूण रक्कम, डिलिव्हरीची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हे सारे त्यांच्या सही-शिक्क्यासह असावे. तोंडी कबूल केलेल्या अ‍ॅक्सेसरीजही नावानिशी त्यातच लिहून घ्या. "मोफत किट" एवढेच लिहिले असेल तर त्यात काय येते हे डिलिव्हरीच्या दिवशी तेच ठरवतील. चारही पत्रांची उत्तरे आली की रकमा फोडून इथे मांडा, कोणत्या शुल्काबद्दल विचारणा करता येईल ते मी पाहून सांगतो.