लोकायुक्त राहिलेल्या माणसाला राज्यसभेवर नेमावं का?

शुक्रवारचा बाजार (म्हापसा):
माझं मत आधीच सांगतो, नेमू नये. राष्ट्रपतिनियुक्त खासदाराचं नाव केंद्र सरकार सुचवतं. लोकायुक्ताचं काम सत्तेतल्यांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करायचं; ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांच्याच मर्जीवर पुढची खुर्ची असेल, तर शेवटच्या वर्षात कडक अहवाल कोण लिहील? केंद्राच्या 2013 च्या लोकपाल कायद्यात पद सोडल्यावर पाच वर्षं निवडणूक लढवायला बंदी आहे. राज्यसभेवरच्या नियुक्तीचं मात्र त्यात नाव नाही. तेही लोकपालापुरतं, आपल्या गोव्याच्या लोकायुक्ताचा कायदा 2011 चा, वेगळा.

फोंड्याचा मास्तर:
बाब, न्या. मिश्रा 2020 मध्ये गोव्याचं लोकायुक्तपद सोडताना काय म्हणाले ते आठवा. 21 अहवाल दिले, कारवाई नाही. खटला भरायचा अधिकारच हातात नाही, नुसती शिफारस. असा माणूस सभागृहात उभा राहून मंत्र्याला प्रश्न विचारील तर बिघडलं कुठे? कलम 80 मधल्या 12 जागा अनुभवी माणसांसाठीच आहेत ना?

शुक्रवारचा बाजार:
कलम 80 म्हणतं साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा. चौकशी करणं यातलं कशात बसवता, मास्तर? आणि रंजन गोगोई नोव्हेंबर 2019 मध्ये सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले, मार्च 2020 मध्ये नियुक्त. चार महिने! निकालांबद्दल मी काही म्हणत नाही, पण संशय घ्यायला लोकांना जागा कोणी दिली?

काजूबोंडू:
टी. एन. चतुर्वेदी विसरलात. 1984 ते 90 देशाचे महालेखापरीक्षक, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारे; बोफोर्स तोफांच्या खरेदीवरचा अहवाल त्यांच्याच काळातला. नंतर भाजपचे राज्यसभा खासदार, मग कर्नाटकाचे राज्यपाल. अहवाल खरा असला तरी विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं.

साळावली:
आमच्या गावची गोष्ट. डोंगरकापणीची फाईल माहिती अधिकारात मागणारा एक जण ग्रामसभेत माईक सोडायचा नाही. त्याला पंचायतीने जैवविविधता समितीवर घेतलं. पुढच्या सभेला बघते तर पुढच्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात चहाचा कप, तोंडातून शब्द नाही. मी घरी येऊन म्हटलं, संपला हा. दोन महिन्यांनी समितीचं इतिवृत्त मागवलं, तर प्रत्येक बैठकीत याचा विरोध लेखी! सचिवाच्या बारीक अक्षरात, पण होता. ते वाचायला गेलो नाही ते आम्हीच.

फोंड्याचा मास्तर:
हेच म्हणतोय मी, बाय. ओरडणं सोपं, नोंद राहते ती कागदावर.

शुक्रवारचा बाजार:
त्याने समितीवर जाण्यासाठी आधी फाईल दाबली नाही, हे नशीब. प्रत्येक वेळी नशिबावर सोडायचं? माझी एकच अट. निवडणुकीला पाच वर्षं, तर नियुक्तीलाही पाच वर्षं. गोव्याचा कायदा असो की दिल्लीचा.

फोंड्याचा मास्तर:
लोकायुक्त म्हणजे निवृत्त न्यायमूर्ती. पद सोडेपर्यंत सत्तरीला टेकतो, वर तुमची पाच. मग सभागृहात काय रक्तदाबाच्या गोळ्या मोजायच्या?

शुक्रवारचा बाजार:
पंचाहत्तरीतले खासदार तुम्ही कधी पाहिलेच नाहीत वाटतं!