पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर सुधारला, पण मला कोणी ऐकेना!

गच्चीवाला_ऐरोली
मंडळी, विचित्र प्रकार झालाय. आमच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर माझा हॅम रेडिओचा ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) इन्व्हर्टेड व्ही अँटेना (मधे उंच, दोन्हीकडे उतरती तार) आहे. मधे ९ मीटरचा जीआय पाइप, दोन्हीकडे दहा-दहा मीटर तार, आणि ३० मीटर आरजी-५८ (बारीक कोअॅक्स केबल) सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून घरात. मे महिन्यात उभा केला. पाइप धरायला सोसायटीतल्या गोविंदा पथकाची पोरं बोलावली होती. एरवी सात थर हसत लावतात, पण पाइप डुलायला लागल्यावर "काका, हे आपलं काम नाही" म्हणाली! शेवटी वॉचमन आणि मी.

तेव्हा ७.१ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप; १ म्हणजे काहीच नाही) १.३, बँडच्या टोकांना २ च्या आसपास. सकाळी सांगली-कोल्हापूरची मंडळी पाच-नऊ (म्हणजे सिग्नल स्पष्ट आणि जोरदार) द्यायची.

पाऊस संपल्यावर नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचा छोटा मीटर) लावला तर ७.० ते ७.२ सगळीकडे सपाट १.१! लिफ्टचा आणि एलईडी दिव्यांचा खरखराटही कमी झाला. मी खूश. पण हवेवर गेलो की "परत सांगा ओएम, कॉपी नाही." (ओएम म्हणजे हॅम मित्र, कॉपी नाही म्हणजे ऐकू आलं नाही.) रिग (रेडिओ सेट) डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रोध) पूर्ण ५० वॅट दाखवतो. मग गेलं कुठे सगळं?

नवा_व्हीयू३
१.१ असताना अँटेनाला हात लावू नका! प्रोपगेशन (लहरी दूर पोचण्याची हवेतली स्थिती) खराब असणार. आठवडाभर थांबा.

कोलशेतचा_काका
थांबू नका, गच्चीवर जा. आणि अगोदर एक सांगा, १०.१ मेगाहर्ट्झला मीटर किती दाखवतो?

गच्चीवाला_ऐरोली
१.४! मला वाटलं फुकटात ३० मीटरचा (१०.१ मेगाहर्ट्झचा) बँड मिळाला.

कोलशेतचा_काका
अहो, डमी लोडचा एसडब्ल्यूआरही १.१ असतो, म्हणून त्यावर सांगली मिळते का?

४० मीटरसाठी कापलेला साधा डायपोल (तुमच्यासारखा, दोन बाजूंना तार) १०.१ ला १.४ दाखवूच शकत नाही. तिथे तो वाईटच दिसायला हवा. तुमची केबल पाणी प्यायली आहे. तारेकडे जाताना पॉवर केबलमध्ये जिरते, तारेवरून परत फिरते तीही येताना जिरते. मीटरपर्यंत परत काही पोचतच नाही, म्हणून त्याला वाटतं सगळं झकास. ऐकतानाही तेच होतं. तुमचा खरखराट कमी झालेला नाही, सिग्नलसकट तोही केबलने खाल्लाय.

खात्री अशी करा. वरच्या टोकाला केबल तारेपासून सोडवा आणि टोक उघडं ठेवा. खाली नॅनोव्हीएनए लावा. रिगने हा प्रयोग करू नका, फायनल ट्रान्झिस्टर जाईल. ३० मीटर चांगल्या आरजी-५८ मध्ये ७ मेगाहर्ट्झला एका बाजूच्या फेरीत साधारण १ डीबीच्या (डेसिबल; ३ गेले की पॉवर अर्धी) आसपास जातात, म्हणजे उघड्या टोकावर एसडब्ल्यूआर सात-आठ तरी दिसायला हवा. ३ दिसला तर अर्धी पॉवर वाटेत संपते. त्याहून खाली असेल तर ती केबल कपडे वाळत घालायला ठेवा.

पाणी बहुतेक वेळा वरूनच शिरतं. जिथे केबलची जाळी आणि मधली तार फोडून दोन बाजूंना जोडतो, तिथे उघडी जाळी दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढते. एका पावसाळ्यात कित्येक फूट खाली उतरतं. नुसती काळी पीव्हीसी टेप लावली होती ना? खरं सांगा.

गच्चीवाला_ऐरोली
टेपच होती काका. वरून सीलंटही थापलं होतं.

कोलशेतचा_काका
व्हिनेगरसारखा वास येणारं? मग झालंच. ते वाळताना आम्ल सोडतं आणि तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्यायचं.

आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वरून पीव्हीसी. दोन्ही टेप खालून वर न्यायच्या, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो. कौलं कशी रचतात आठवा. उलट्या क्रमाने घातलेल्या कौलांखाली कोण राहील? बलनचा (तार आणि केबल जुळवणाऱ्या भागाचा) डबा असेल तर तळाला एक भोक ठेवा. पूर्ण बंद डब्यात दमट हवेचं पाणी होतं आणि ते बाहेर जात नाही. खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली लोंबता वेढा द्या, थेंब तिथून गळेल.

खाडीकाठची_वाशी
काकांनी केबलचं सांगितलं, मी दोऱ्यांचं सांगते. माझे तणावे नायलॉनचे होते. उन्हाने दोन वर्षांत पिठासारखे झाले, नखाने भुगा निघायचा. आता पॉलिस्टर वापरते. क्लॅम्प ३०४ स्टेनलेसचे घेतले तरी खाडीच्या वाऱ्याने त्यांच्यावर तांबूस डाग पडलेच. टर्नबकलला (तणावा घट्ट करायच्या स्क्रूला) वर्षातून एकदा ग्रीस लावते आणि आपोआप फिरू नये म्हणून तारेने बांधते. संक्रांतीनंतर गच्चीवर जाऊन मांजा काढणं हे वेगळं काम, हातमोजे घालून. आणि तणावा लिफ्ट रूमच्या गंजक्या शिडीला बांधलाय का कोणी? आमच्याकडे एकाने बांधला होता. वाऱ्यात तणाव्यासकट शिडी आली.

ऑक्टोबरच्या गडगडाटात केबल रिगपासून काढून ठेवत जा.

नवा_व्हीयू३
ओएम, माझाही १.१ आहे... उद्या बघतो.

गच्चीवाला_ऐरोली
रविवारी चढलो. टोक उघडं ठेवलं, खाली ७.१ ला आकडा १.४! हिशोब केला: जाऊन-येऊन साडेपंधरा डीबी, म्हणजे एका फेरीत पावणेआठ. ५० वॅटमधले जेमतेम ८ तारेपर्यंत पोचत होते आणि मी इकडे माइकमध्ये ओरडत होतो.

वरचं टोक कापलं. जाळी चकचकीत तांब्याऐवजी काळीकुट्ट. एक मीटर कापलं, तरी काळी. दोन मीटर, काळी. तीन मीटरवर थोडा रंग आला, पण दाबल्यावर पाणी आलं. सगळी काढून टाकली. नवी आरजी-२१३ घेतली. जाड आहे, पाइपवरून लोंबू नये म्हणून दर मीटरला बांधली. टेप कौलांच्या क्रमाने.

आता ७.१ ला १.४, टोकांना २.१. आकडा वाईट झाला आणि मला इतका आनंद पहिल्यांदाच झाला. सोमवारी सकाळी सांगलीच्या ओएमनी विचारलं, "नवीन अँटेना का?"

सेक्रेटरीने गच्चीवर जुन्या केबलचं वेटोळं पाहून विचारलंय की हा मोबाइलचा टॉवर तर नाही ना. त्यांना रविवारी चहाला बोलावलंय. काका, तुम्हीही या, कोलशेतहून फार लांब नाही. तुमचं ते कौलांचं उदाहरण त्यांना पटेल असं वाटतं.

कोलशेतचा_काका
येतो. काळी केबल टाकू नका, घेऊन ठेवा. त्यांना दाखवायला लागेल. सेव्हन्टी-थ्री (शुभेच्छा).